शिफ्टच्या घरात वेळापत्रक का टिकत नाही

कुपवाडहून एका ताईंनी विचारलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. नवरा एमआयडीसीत कामाला, पाळी दर आठवड्याला बदलते. त्या स्वतः एका पतसंस्थेत, दहा ते साडेपाच. मुलगी आठवीत, तिची शाळा सकाळची. मुलगा तिसरीत, त्याची शाळा साडेनऊची. घरात सासूबाई. यंदा पाडव्याला नव्यानं सुरुवात करायची म्हणून त्यांनी फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं: पहाटे पाचला उठायचं, सगळ्यांनी मिळून योगासनं, दिवेलागणीला प्रार्थना, रात्री आठला एकत्र जेवण आणि जेवताना मोबाइल बंद. "पहिला आठवडा छान गेला, यांची फर्स्ट होती. दुसऱ्या आठवड्यात सगळं बारगळलं. घरात मोठं भांडण नाही, पण कुणी कुणाशी धड बोलत नाही, जो तो चिडलेला. आमच्यातच चिकाटी नाही का? सुरुवात कुठून करू? आणि आधी कुणाला सांगू, नवऱ्याला की सासूबाईंना?"

ताई, मी सांगलीत कुटुंब समुपदेशनाचं काम करते. आपल्या भागात एमआयडीसी, दवाखाने, एसटी, साखर कारखाने असल्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत पाळीवर जाणारं माणूस असलेली बरीच असतात. तुमचं पत्र वाचताना माझी नजर एकाच वाक्यावर अडली: "यांची फर्स्ट होती." तुम्ही ते ओघात लिहून गेलात, पण गोम तिथंच आहे.

जरा हिशोब मांडूया. फर्स्ट म्हणजे साधारण सात ते तीन, सेकंड तीन ते अकरा, नाइट अकरा ते सात. कंपनीप्रमाणे अर्धा-एक तास इकडेतिकडे होईल. फर्स्टच्या आठवड्यात ते पहाटे उठतातच आणि आठला घरी असतात, म्हणजे तुमचा कागद जमतो. सेकंडला ते रात्री साडेअकराला घरी येणार. त्यांना पाचला उठवून सूर्यनमस्कार घालायला लावणं हा छळ आहे, आणि आठच्या जेवणाला ते नसणारच. नाइटला पहाटे पाच वाजता ते मशिनवर उभे असतात. म्हणजे हे वेळापत्रक तीनांतल्या एकाच आठवड्यात चालू शकत होतं, आणि तेवढं ते चाललंही. चिकाटीचा इथं काही संबंध नाही. नऊ ते सहा नोकरी असलेल्या घराचा कागद तुम्ही शिफ्टच्या घराला लावलात, इतकंच.

त्यात मुलांचं वेगळंच. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा आदेश २०२४ मध्ये राज्य सरकारनं काढला. लहान पोरांची झोप व्हावी हा त्यामागचा हेतू चांगलाच होता, पण त्यामुळे पुष्कळ घरांत थोरलं आणि धाकटं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. तुमच्याकडे मुलगी सातच्या आधी जाते, मुलगा नऊला, तुम्ही साडेनऊला, आणि नवरा पाळीप्रमाणे. सकाळच्या तीन तासांत तुम्ही चारदा डबा भरता आणि चारदा "लवकर आवर" म्हणता. चिडचिड कुठून येते ते शोधायला फार लांब जावं लागत नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंय की मोठं भांडण नाही. तसंच असेल तर पुढचं वाचा. पण दारू, हात उगारणं, पैसे अडवून ठेवणं असलं काही असेल आणि ते लिहायला संकोच वाटला असेल, तर लहानसहान बदलांनी ते सुटत नाही. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि जीवाला धोका वाटला तर ११२. तसंच तुम्हाला किंवा घरातल्या कुणालाही दोन आठवडे किंवा जास्त दिवस रोज, दिवसातला बहुतेक वेळ उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. अशा वेळी घराची घडी बसवत बसू नये.

हे नसेल, तर मी काय करायला सांगेन?

पहिलं म्हणजे फ्रिजवरचा तो कागद काढून टाका. रोज दिसणारं आणि रोज न पाळलेलं वेळापत्रक घरात नुसता अपराधीपणा वाढवतं. त्याच्या जागी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय वापरा. दुधाचा हिशोब आणि सिलिंडरची तारीख तुम्ही त्यावर लिहीत असालच. आता प्रत्येक आठवड्याच्या चौकटींत फ, से, ना अशी अक्षरं लिहा आणि तीन आठवडे फक्त बघा. काहीही बदलू नका. कुठल्या आठवड्यात, दिवसाच्या कुठल्या वेळी आवाज चढतो, एवढीच त्या तारखेला एक खूण करायची. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना हे पहिल्यांदा पटत नाही. "मॅडम, मला उपाय पाहिजे, तुम्ही खुणा करायला सांगायलाय." पण खुणा झाल्या की त्याच सांगतात, अहो, सगळं नाइटच्या आठवड्यात सकाळी दहा ते बारामध्येच होतंय की!

आणि त्या वेळात खरंच काय होत असतं? नाइट करून आलेला माणूस साडेसातला घरात पाऊल टाकतो, चहा घेतो, आठ-साडेआठला आडवा होतो. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेइतकी लागत नाही, कारण उजेड आणि शरीराचं घड्याळ दोन्ही तिच्याविरुद्ध असतात. त्यात दहा वाजता शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लागतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, दारात भाजीवाला ओरडतो, टीव्हीवर कीर्तन चालू होतं. तो उठून ओरडतो. सासूबाईंना वाटतं पोरगा बायकोच्या राज्यात बिघडला, त्याला वाटतं घरात माझ्या झोपेची कुणाला किंमत नाही. तुम्ही तर त्या वेळी पतसंस्थेत असता आणि संध्याकाळी घरी आल्यावर दोघांची फुगलेली तोंडं तुम्हाला दिसतात. यावर उपाय म्हणून कुणी "एकमेकांना समजून घ्या" म्हणालं तर मी त्याला हात जोडेन. नाइटच्या आठवड्यापुरता मिक्सर आदल्या संध्याकाळी फिरवायचा, चटणी-वाटण करून ठेवायचं, आणि खिडकीला जाड पडदा नसेल तर जुनी गोधडी लावायची. याला पैसे लागत नाहीत आणि कुणाचा स्वभाव बदलावा लागत नाही. माझ्या अनुभवात शिफ्टच्या घरात सगळ्यात लवकर फरक दाखवणारा बदल हाच आहे. म्हणून आधी करायचं तर मी हेच सांगते.

यात एक तत्त्व आहे म्हणा हवं तर: माणसाला हात न लावता जागेला किंवा वस्तूला हात लावणं. हे मला पुरानं दाखवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या, नदीकाठच्या किती घरांत पाणी शिरलं ते सांगलीकरांना सांगायला नको. पाणी ओसरल्यावर त्या भागातल्या घरांत माझं जाणं-येणं होतं. एका घरात हॉलची भिंत दिवाळीपर्यंत वाळेना, म्हणून नवा टीव्ही माडीवरच्या खोलीत लावला. त्या घरातले आजोबा आणि कॉलेजातला नातू यांचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं. खालच्या खोलीत टीव्ही नाही, त्यामुळे संध्याकाळी दोघं दारातल्या कट्ट्यावर बसू लागले. बोलायचे कमी, पण बसायचे. पुढं भिंत वाळली, तरी टीव्ही काही त्यांनी खाली आणला नाही. कुणी ठरवून काही केलं नव्हतं. पुरानं कुणाचं भलं केलं असं मला अजिबात म्हणायचं नाही, त्या घराचं झालेलं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलंय. सांगायचं एवढंच की माणसं कुठं बसतात हे बदललं की पुष्कळ काही आपोआप बदलतं, आणि त्यासाठी पुराची वाट बघायची गरज नाही.

दुसरा मुद्दा घड्याळाचा. शिफ्टच्या घरात कुठलीही नवी गोष्ट घड्याळाला बांधली की ती तुटते. ती आधीच होत असलेल्या एखाद्या घटनेला बांधा. "आठ वाजता" असं न ठरवता "ते बूट काढून आत आल्यावर", "दुधाची पिशवी आत घेतल्यावर", "पोरगा दप्तर ठेवल्यावर". ही घटना रोज होतेच, मग ती सकाळी होवो की मध्यरात्री. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर एक अभ्यास झाला होता, तो २०१० मध्ये छापून आला. प्रत्येकानं खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक साधी सवय निवडली आणि ती "नाश्त्यानंतर" अशा एखाद्या रोजच्या प्रसंगाला जोडून १२ आठवडे केली. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. "२१ दिवसांत सवय" हे जे सगळीकडे ऐकू येतं त्याचा उगम वेगळाच आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला निदान २१ दिवस जातात. त्यातलं "निदान" गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. तुमचं दुसऱ्या आठवड्यात बारगळलं म्हणून तुम्ही स्वतःला नावं ठेवताय, पण दुसऱ्या आठवड्यात कुणाचंच काही पक्कं झालेलं नसतं.

पहाटे पाचचं मात्र सोडून द्या, निदान पोरांसाठी. सहा ते बारा वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराच्यांना आठ ते दहा. तिसरीतला मुलगा रात्री साडेदहाला झोपत असेल, तर त्याला पाचला उठवून तुम्ही त्याची अडीच-तीन तास झोप कमी करताय. त्याच्या चिडचिडीला मग संस्कार कमी पडले असं म्हणू नका.

पाडव्याबद्दल तुम्हाला वाटत असेल की मुहूर्त वाया गेला. नवा दिवस, नवं वर्ष, वाढदिवस अशा टप्प्यांनंतर माणसाला नव्यानं सुरू करायला हुरूप येतो हे खरंच आहे, त्यावर अमेरिकेत संशोधनही झालंय, २०१४ चं. पण तो हुरूप सुरुवातीपुरता असतो. तुमच्या घराची एक गंमत बघा: ज्या पाळीला तुम्ही वैतागलाय, ती दर आठवड्याला बदलते. म्हणजे नवं पान तुमच्याकडे दर आठवड्याला उलटतं. एका पाळीत फसलेली गोष्ट तीन आठवड्यांनी तीच पाळी आल्यावर पुन्हा करून बघता येते, आणि मधले दोन आठवडे विचार करायला मिळतात. म्हणून प्रत्येक पाळीसाठी एकच बदल ठेवा. नाइटसाठी मिक्सर आणि गोधडी. सेकंडसाठी काय ते आता सांगते, कारण "कुणी कुणाशी बोलत नाही" याचं मूळ मला तिथं दिसतं.

सेकंडच्या आठवड्यात तुमचे मिस्टर दोन-सव्वादोनला निघतात. मुलगी साडेबारा-एकला शाळेतून येते. म्हणजे रोज तासभर बाप आणि लेक दोघंही घरात असतात. तुम्ही नसता, म्हणून तुमच्या वेळापत्रकात ती वेळ आलीच नाही. आठवीतली मुलगी त्या वेळी काय करत असेल याचा मला अंदाज आहे: ताट घेऊन आतल्या खोलीत, समोर मोबाइल. वडील डबा बांधून तयार, घड्याळाकडे नजर. एवढंच करा की त्या दोघांची ताटं एकाच वेळी, एकाच ठिकाणी वाढली जातील. मोबाइल बंद करा असं सांगू नका, "बाबांशी बोल" असंही सांगू नका. नुसतं शेजारी बसून आमटी-भात खाल्ला तरी सुरुवातीला पुरे. तेरा-चौदाच्या वयात समोरासमोर बसवून "आज शाळेत काय झालं" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही". शेजारी बसलं की तीच पोर दोन-चार दिवसांनी आपण होऊन एखादं वाक्य टाकते. वडिलांना जमत असेल तर त्या आठवड्यात शाळेतून गाडीवर आणायलाही जाऊ दे. गाडीवर कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे मुली बोलतात. रोज नाही जमलं, तरी चालेल.

सेकंडमध्येच तुमचाही एक प्रश्न आहे, तो तुम्ही विचारला नाहीत, पण असणार. रात्री साडेअकराला ते आले की ताट गरम करून वाढायला तुम्ही जागी राहता ना? आणि सकाळी साडेपाचला मुलीच्या डब्यासाठी उठता? मग सहा दिवस तुमची झोप साडेपाच तासांची. यात काय करावं हे मात्र घरावर अवलंबून आहे. काही घरांत बायको झोपली तर चालतं, तो आपला डबा उघडून जेवतो. काही घरांत सासूबाईंना ते खटकतं: "माझा पोरगा दमून येतोय आणि ही घोरतीय." अशा घरांत मी मधला मार्ग सांगते. आठवड्यातले दोन दिवस ठरवून जागं राहायचं, त्याच्यासोबत बसायचं, गप्पा मारायच्या. बाकीचे दिवस कालवण हॉटपॉटमध्ये, भाकरी फडक्यात, आणि तुम्ही दहाला झोपायचं. अर्धवट झोपेत, जांभया देत वाढलेल्या सहा ताटांपेक्षा ही दोन त्यालाही बरी वाटतात, असं नवरे स्वतः सांगतात. बहुतेकांना तर बायकोनं जागं राहावं असं वाटतही नसतं. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

फर्स्टच्या आठवड्याला हात लावू नका, तो बराच चाललाय. आठचं एकत्र जेवण त्या आठवड्यात होऊ दे, आणि ते फक्त त्याच आठवड्याचं आहे असं सगळ्यांना माहीत असू दे. मग ते बुडलं असं कुणाला वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट, प्रार्थनेची. दिवेलागणीला तुम्ही नुकत्याच घरात शिरलेल्या असता, हातात पिशवी, डोक्यात रात्रीचा स्वयंपाक. त्या वेळी सगळ्यांना गोळा करायचं काम अंगावर घेऊ नका. दिवा सासूबाई लावतातच. धाकटा त्यांच्याजवळ बसला तर बसला. आणि सातनंतरची त्यांची मालिका, तिला कृपा करून हात लावू नका! अभ्यासाला अडथळा होतो म्हणून मालिका बंद पाडायला निघालेली घरं मी पाहिलीत. मालिका चालूच राहते आणि बोलणं बंद होतं. मुलाला अभ्यासाला स्वयंपाकघरात ओट्याजवळ बसवा. तुम्ही पोळ्या लाटताय, तो पाढे म्हणतोय, हे टीव्हीच्या आवाजातही जमतं. मोबाइलचा विषय सहा महिने काढू नका. काढाल तेव्हा आधी तुमचा आणि मिस्टरांचा चार्जर हॉलमध्ये आणा, मग मुलीचा.

म्हणजे तूर्त तुमच्या हातात तीनच कामं आहेत: कालनिर्णयवर खुणा, त्या झाल्या की नाइटला मिक्सर-गोधडी, आणि सेकंडला दुपारची दोन ताटं. त्यातलं एक जमलं आणि दोन नाही जमली, तरी पुढची पाळी येईपर्यंत तसंच राहू द्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आधी कुणाला सांगायचं. मिक्सरचं आणि पडद्याचं नवऱ्याला आधी सांगा, पण नाइटवरून आल्या आल्या नको, आणि नाइटच्या शेवटच्या दिवशी तर मुळीच नको. सुट्टीच्या दिवशी झोप झाल्यावर, चहाच्या वेळी एका वाक्यात: "नाइटला तुमची झोप होत नाही, मी काही तरी करून बघणार आहे." काय करणार ते सगळं सांगत बसायची गरज नाही. दुपारच्या ताटांचं मात्र सासूबाईंशीच बोला, कारण त्या वेळी वाढणाऱ्या त्याच आहेत आणि तुमच्या घरात दिवसभर सगळ्यांना बघणारं माणूसही त्याच एक. त्यांना ठरलेला बदल कळवू नका, आधी विचारा: "आई, दुपारी ही जेवते तेव्हा हे काय करत असतात ओ?" त्या बरंच सांगतील, त्यातलं थोडं तुम्हाला बोचेलही. ऐकून घ्या, आणि मग म्हणा, या खेपेला दोघांना एकदमच वाढून बघाल का. हे बोलणं सेकंड सुरू व्हायच्या आदल्या सुट्टीला, निवांत करा. सोमवारी सकाळी डबे भरता भरता सांगितलंत, तर सुनेनं आणखी एक काम लावलं एवढंच त्यांना ऐकू येईल.